चौदावी स्लाइड

कारखान्यात तिला सगळे 'स्लाइडवाल्या बाई' म्हणत. अकरा वर्षांपूर्वी ती तिथे टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा तिचं काम म्हणजे हजेरीची पत्रकं, रजेचे अर्ज आणि साहेबांची पत्रं. कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. माणसं दोनशेच्या वर आणि त्यातली निम्मी सतत येणारी-जाणारी. नव्या माणसाला मशीनवर सोडण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं, असा नियम होता. ते काम एक वयस्कर अधिकारी करायचे. खोलीतले दिवे मालवून ते चाळीस-पन्नास स्लाइड एका सुरात वाचून दाखवायचे आणि समोरची माणसं एका सुरात झोपायची. एकदा एक हमाल झोपेत खुर्चीवरून खाली आला. साहेब हसून म्हणाले, या वर्षातला पहिला अपघात प्रशिक्षणाच्याच खोलीत झाला म्हणून लिहून ठेवा.

ते अधिकारी निवृत्त झाले आणि काम हिच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणी तक्रार केली असती. हिने मनावर घेतलं. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ती संगणकापुढे बसायची आणि स्लाइडवर बटणं कशी लावायची ते शिकायची. स्वतःच्या मोबाइलवर तिने एकेका मशीनचे फोटो काढले. फोटोतल्या प्रत्येक भागावर एक पारदर्शक आकार ठेवला आणि त्याला लिंक दिली. रोलरवर क्लिक केलं की रोलरची स्लाइड, कटरवर केलं की कटरची. खाली डाव्या कोपऱ्यात छोटंसं घर. ते दाबलं की परत पहिल्या स्लाइडवर. कुठेही क्लिक करून पुढे सटकायची सोय तिने मुद्दाम बंद केली. पुढे जायचं तर बटणानेच, आणि ते बटण यायचं प्रश्नाचं उत्तर बरोबर दिल्यावर. उत्तर चुकलं तर पडद्यावर 'चूक' असं यायचं नाही. जी स्लाइड नीट बघितली नव्हती, तिच्यावर माणूस गुपचूप परत जायचा.

पहिल्याच आठवड्यात बाविसाव्या स्लाइडवरचं बटण चुकून नवव्या स्लाइडला जोडलं गेलं. एक बिचारा पाऊण तास गोल गोल फिरत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, या मशीनला मी तिसऱ्यांदा भेटतोय. आता आमची चांगली ओळख झाली."

तेव्हापासून तिने धसका घेतला. फाइलमध्ये काहीही बदललं की जुनी प्रत बाजूला ठेवायची आणि सगळ्या लिंका तपासायच्या. पण शेवटची स्लाइड तपासायची म्हणजे दर वेळी सेहेचाळीस स्लाइड, सगळी उत्तरं देत, पार करायच्या. कंटाळून तिने एक युक्ती केली. प्रत्येक स्लाइडच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कंपनीचं खोक्याचं चिन्ह होतं. त्याच्यावर तिने एक चौकोन ठेवला, त्याचा रंग काढला, कड काढली आणि त्याला थेट शेवटच्या स्लाइडची लिंक दिली. डोळ्यांना काही दिसायचं नाही. चिन्हावर क्लिक केलं की कुठूनही एकदम शेवटी: हिरवी खूण, 'अभिनंदन, तुमचं प्रशिक्षण पूर्ण झालं', आणि नोंदीचं पान उघडणारं बटण. ते आलं की वहीत सही घ्यायची.

हे तिने केलं ते स्वतःच्या सोयीसाठी. ही गोष्ट तिने पुढेही कधी नाकारली नाही.

पहिल्या पाळीचे प्रमुख म्हणजे तिचे धाकटे दीर. एकाच घरात राहायचे. वरच्या मजल्यावर ते, जाऊ आणि त्यांची लेक, खाली ही, नवरा आणि सासूबाई. माणूस वाईट नव्हता. कुणाला बरं नसलं तर स्वतःच्या स्कूटरवर घरी पोचवणारा. पण मशीनची लाइन थांबली की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. एक दिवस ते कसलासा फॉर्म न्यायला आले आणि हिने चिन्हावर केलेलं क्लिक त्यांनी पाहिलं.

"अरे वा वहिनी! ही तर चोरवाट!"

"चोरवाट कसली, भावजी. तपासायला केलीये. काढून टाकायचीये."

"राहू द्या हो. काय खायला मागते का ती?"

ती हसली आणि चौकोन राहिला.

महिन्याभराने मोठी ऑर्डर आली. नवी माणसं भराभर घेतली जाऊ लागली. प्रशिक्षणाला चाळीस मिनिटं लागायची आणि भावजी दारात येऊन घड्याळाकडे बघत उभे राहायचे. मग ते म्हणू लागले, "वहिनी, याचं मी करून घेतो, तुम्ही तुमची पत्रं उरका." दोनदा झालं, तीनदा झालं. ते काय करत असतील हे तिला कळत होतं. पण कळून घ्यायचं नाही असं ठरवलं की माणसाला बरंच काही न कळता राहतं.

मग ती मुलगी आली. तेविशीतली. आधी शिवणकामाच्या एका कारखान्यात कॉलर शिवायची. तिला सगळे 'नवी' म्हणू लागले, आणि नंतर तिच्यामागून माणसं आली तरी ते नाव तिच्यावरच राहिलं. प्रशिक्षणाच्या खोलीत ती ताठ बसली, माऊस दोन्ही हातांनी धरला आणि मग स्वतःच हसली.

"बाई, हे घर दाबलं की परत पहिल्या पानावर?"

"हो. काही समजलं नाही तर खुशाल मागे जायचं. कुणी रागवत नाही."

ती तिसऱ्या स्लाइडवर होती तेव्हा भावजी आले. "वहिनी, लाइन उभी आहे, तीन माणसं कमी आहेत. तुम्ही हिचं ओळखपत्र छापून आणा, तोवर मी हिचं उरकतो."

ती उठली. शेजारच्या खोलीत ओळखपत्र छापून, त्यावर प्लॅस्टिक चढवून ती परत आली तेव्हा चार मिनिटं झाली होती. पडद्यावर हिरवी खूण होती. नवी वहीत सही करत होती.

"झालं पण?" नवीने तिच्याकडे बघून विचारलं.

"बाकीचं मशीनवर समजतं," भावजी म्हणाले.

तिने ओळखपत्र नवीच्या हातात दिलं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण भावजी दार उघडून उभे होते, बाहेर लाइन उभी होती, आणि ती म्हणाली, "जा, आणि उद्यापासून वेळेवर ये."

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला. चिकटवण्याच्या मशीनमध्ये पुठ्ठा अडकला होता. नवीने लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. तिने वरची जाळी उचलली आणि पुठ्ठा उपसायला उजवा हात आत घातला. पुठ्ठा सुटला आणि दाबून बसलेला रोलर अर्धा वळसा फिरला. अर्धाच. तीन बोटं गेली.

चौदावी स्लाइड नेमकी त्याचीच होती. लाल बटण मशीन थांबवतं, बंद करत नाही. भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, मगच आत हात. तिने तिथे किल्लीचं चित्र टाकलं होतं आणि किल्लीवर क्लिक केल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

तिला बातमी कळली तेव्हा ती उभी होती की बसलेली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. रुग्णवाहिका फाटकातून बाहेर पडताना तिने खिडकीतून पाहिली एवढं आठवतं.

संध्याकाळी भावजी खाली आले. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या म्हणून ते स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात बोलले. "वहिनी, गुरुवारी सुरक्षा निरीक्षक येतायत. तो चौकोन काढून टाका."

"भावजी, तिला चौदावी स्लाइड दाखवली नव्हती ना?"

त्यांनी ओट्यावर हात टेकला. चेहरा उतरला होता. "मला काय माहीत होतं, वहिनी? मला काय हौस होती? ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर..." मग म्हणाले, "काढून टाका. माझ्या लेकीकडे बघून तरी."

जेवणं झाल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला, हिशेबी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "काढ ना मग. काढल्याने कुणाचं वाईट होतंय? उलट पुढच्यांसाठी चांगलंच. पुन्हा कुणी असं करणार नाही."

"आणि त्या मुलीचं काय?"

"तिची बोटं आता परत येणार आहेत का?"

मंगळवारी ऑफिसात गेल्या गेल्या तिने फाइल उघडली आणि एकेका स्लाइडवरचा चौकोन शोधून पुसला. जे डोळ्यांना दिसत नाही ते शोधायला वेळ लागतो. माऊस नेऊन नेऊन, पडद्यावरचा बाण बदलून त्याचा हात झाला की तिथे पुसायचं. सेहेचाळीस वेळा. झाल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. तो काही पडला नाही.

बुधवारी ती दवाखान्यात गेली. नवीच्या उशाशी तिची मोठी बहीण बसली होती, मोबाइलवर कुणाला तरी कळवत. नवीचा हात कोपरापासून पांढऱ्या पट्टीत बांधून वर टांगलेला होता. हिला बघून तिने उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा गं," ती म्हणाली.

"बाई, साहेबांची माणसं काल आली होती. म्हणाली, तुझी सही आहे, तुला सगळं दाखवलं होतं." नवी थांबली. तिचे ओठ सुकले होते. "मी रात्रभर आठवतेय. कुलूप लावायचं असतं म्हणतात. मला ते पान आठवतच नाही. माझं लक्ष नसेल. आई नेहमी म्हणायची, तुझं लक्ष नसतं. मी विसरले बाई. तुम्ही एवढं करून ठेवलंय आणि मी विसरले."

बहिणीने मान दुसरीकडे वळवली. ती रडत होती, की रागावली होती, ते दिसलं नाही.

ही खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. मुलगी बोटं हरवून बसली होती आणि वर स्वतःलाच दोष देत होती. लक्ष नसण्याचा दोष! जी प्रशिक्षणाच्या खोलीत ताठ बसली होती, जिने घराचं बटण कशासाठी ते विचारून घेतलं होतं.

"तू विसरली नाहीस," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "तू काहीच विसरली नाहीस. तुला ते पान दाखवलंच नाही. मधली सगळी पानं गाळली. मी एक बटण केलं होतं, न दिसणारं, त्यावरून थेट शेवटी जाता यायचं."

नवीने विचारलं, "तुम्ही केलं होतं?"

"हो."

"का?"

"मला तपासायला सोपं पडावं म्हणून."

बहीण उठून उभी राहिली. "हे उद्या निरीक्षकांपुढे बोलाल? की इथेच मन मोकळं करून जाणार?"

ही उठली आणि जिना उतरून बाहेर आली.

गुरुवारी निरीक्षक आले. बारीक अंगाचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, घाई नसलेले गृहस्थ. प्रशिक्षणाच्या खोलीत मोठे साहेब, भावजी, ती आणि युनियनचा एक माणूस. निरीक्षकांनी स्वतः माऊस हातात घेतला आणि पहिल्यापासून सगळ्या स्लाइड पार केल्या. मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. फाइल त्यांना मागे घेऊन गेली तेव्हा ते किंचित हसले.

"चांगलं केलंय. कुणी केलं?"

"आमच्या बाईंनी," मोठे साहेब अभिमानाने म्हणाले. "यातून पुढे गेल्याशिवाय सही करताच येत नाही, साहेब. आणि ही बघा तिची सही."

निरीक्षकांनी सही पाहिली आणि लिहायला कागद ओढला. भावजी दाराला टेकून उभे होते. ती म्हणाली, "साहेब, परवापर्यंत ही फाइल अशी नव्हती."

तिने खुर्ची पुढे ओढली. आपल्या फोल्डरमधली मागच्या महिन्याची प्रत उघडली, तिसऱ्या स्लाइडवर गेली आणि कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं. हिरवी खूण आली.

"परत दाखवा," निरीक्षक म्हणाले.

तिने परत दाखवलं.

"हे कुणी घातलं?"

"मी. माझ्यासाठी. नंतर ते दुसऱ्यांनीही वापरलं."

"दुसऱ्यांनी म्हणजे?"

तिने दाराकडे पाहिलं नाही. "पहिल्या पाळीच्या प्रमुखांनी. माझे दीर आहेत."

मग जबाब लिहून घेतला. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, असं निरीक्षकांनी विचारलं. शेजारच्या खोलीत, ओळखपत्र छापत होते, असं तिने सांगितलं. "म्हणजे तुमच्या गैरहजेरीत झालं," ते लिहिता लिहिता म्हणाले. ते विचारत होते की नुसते बोलत होते, हे स्पष्ट नव्हतं. तिने खाली सही केली. 'परत आल्यावर मी हिरवी खूण पाहिली आणि गप्प राहिले', एवढं वाक्य त्या कागदावर आलं नाही.

भावजींना चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. घरात जे व्हायचं ते झालं. जाऊ जिन्यावरून उतरायची बंद झाली. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाहेरच्या मुलीचा हात दिसला. घरातला माणूस नाही दिसला?" नवरा मुकाट जेवायचा.

"बोला ना काहीतरी," ती एकदा म्हणाली.

"काय बोलू? तू खरं बोललीस. तो माझा भाऊ आहे. यात माझ्या बोलण्याला जागा कुठे आहे?"

कारखान्यात उलटंच. हमाल तिला बघून बाकावरून उठायचे. कँटीनमध्ये एक म्हातारा फिटर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरच्या माणसाविरुद्ध उभं राहायला छाती लागते." ती अर्धा डबा तसाच बंद करून उठली.

सहाव्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा भावजी जिन्यात बसले होते. दाढी वाढलेली. ती बाजूने जाऊ लागली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, एक विचारू? भांडायला नाही."

ती थांबली.

"माझी चूक आहे. मी सगळं लिहून दिलंय, काही लपवलेलं नाही. पण तुम्ही ओळखपत्र घेऊन आलात तेव्हा शेवटचं पान समोर होतं. तुम्ही पाहिलंत. माझ्याकडेही पाहिलंत. तेव्हा एक शब्द बोलला असतात तर मी चिडलो असतो, पण तिला परत खुर्चीत बसवलं असतं. तुमच्यापुढे माझी काय टाप होती?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तुमच्या जबाबात ते नाही, असं युनियनवाला म्हणाला. का नाही?"

तिला वाटलं, म्हणावं की मला विचारलंच नाही. ते खरंही होतं.

"हिंमत झाली नाही," ती म्हणाली.

भावजींनी मान डोलावली आणि सरकून तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती निरीक्षकांच्या कार्यालयात गेली. बराच वेळ बाकावर बसल्यावर आत बोलावलं. तिने पुरवणी जबाब द्यायचा आहे म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तिने लिहून आणलेलं पान वाचलं.

"बाई, हे नसतं तरी अहवाल त्या मुलीच्या बाजूनेच जाणार होता. हे दिलंत तर तुमच्यावरही ठपका येईल. कल्पना आहे ना?"

"आहे."

"मग कशासाठी?"

"लोक मला चांगलं म्हणतायत, साहेब. ते मला झेपत नाहीये."

त्यांनी पान फाइलला लावलं आणि तारीख टाकली.

अहवाल दोन महिन्यांनी आला. कामगाराला प्रशिक्षण दिलेलंच नव्हतं, तिचा कोणताही दोष नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. भावजींचं पद गेलं. कंपनीच्या दुसऱ्या गावच्या गोदामात त्यांची बदली झाली. हिला लेखी ताकीद मिळाली आणि प्रशिक्षणाचं काम काढून घेतलं गेलं. बटणांची ती फाइलही कुणी वापरली नाही. बाहेरून एक माणूस येतो, दिवे मालवतो आणि वाचून दाखवतो.

सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी जाऊ खाली आली. किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाली, "वरच्या नळाचा वॉशर गेलाय, बदलून घ्या ताई." एवढंच बोलली. सासूबाई नातीसाठी म्हणून त्यांच्याबरोबर गेल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणाल्या होत्या. अजून आलेल्या नाहीत. फोन आला की नवऱ्याशी बोलतात.

आता ती माल रवाना होतो त्या खोलीत बसून खोक्यांची लेबलं छापते. पट्टी सुटल्यावर नवीला तिथल्याच तपासणीच्या टेबलावर घेतलं. ती डाव्या हाताने खुणा करायला शिकतेय. पेन अधूनमधून निसटतं, ती ते उचलते. दोघींच्या मध्ये फार तर पाच पावलांचं अंतर. पहिल्या दिवशी ही लेबलांचा गठ्ठा घेऊन गेली आणि तिथेच घुटमळली.

"राग आहे माझा?" तिने विचारलं.

नवीने लेबलं मोजून घेतली. "आहे बाई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? सगळं खरं सांगितलंत हे मला माहितीये. तरी आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर येऊन पुढचा गठ्ठा छापायला लावला.